खाटेपासून न्हाणीपर्यंत

(बिदर जिल्ह्यातलं हळ्ळीखेड बी. दुपार. अंकुशराव पाटलांचं तेरावं होऊन पाहुणे कालच परतलेत. धुऊन काढलेल्या घरात त्यांची बायको कमलबाई आणि लेक विजयश्री.)

विजयश्री: आई, थांब! पुढं कोठी आहे.

कमलबाई: हितं कुठली कोठी? हितं दार हाय.

विजयश्री: दार डाव्या हाताला. जोंधळ्याची कोठी काल उदगीरच्या काकूंनी सरकवली, फरशी धुवायला. लागलं का?

कमलबाई: न्हाई.

विजयश्री: गुडघ्यातनं रक्त यायलंय.

कमलबाई: मग कामून इचारायलीस?

विजयश्री: बस इथं. खाट मागंच आहे, बस. कुठं निघाली होतीस?

कमलबाई: न्हाणीत.

विजयश्री: हाक मारायची ना मला. मी काय लांब होते? परड्यात कपडे वाळत घालायले होते.

कमलबाई: दिवसातनं किती येळा हाक मारू? ह्ये तेरा दिवस सोड, आंधळी झाले तवापासून न्हाणीत जायला कुणाला हाक मारली न्हाई मी. तुज्या बापाला बी न्हाई.

विजयश्री: तेव्हा दोरी होती.

कमलबाई: हुती.

विजयश्री: कालपासून शोधायलेय मी ती. माळ्यावर बघितली, गोठ्यात बघितली. काकूंना फोन केला. त्या म्हणतात, आम्ही झाडू घेऊन आलो तेव्हा भिंतीला नुसते खिळेच होते. एवढी खाटेपासून न्हाणीपर्यंतची दोरी, कुणी खाल्ली काय?

कमलबाई: जाऊ दे ती.

विजयश्री: जाऊ दे म्हणतेस, आणि मला म्हणतेस मी इथंच राहणार. कसं राहणार? आत्ता बघितलंस ना? स्वतःच्या घरात कोठीवर आदळलीस.

कमलबाई: कोठी हलवली म्हणून आदळले. डबे बी हलवलेत. मघाशी मिठाच्या जागी हात घातला तर चहापत्ती. ज्या ज्या बाईला दुःख झालं तिनं एक एक डबा हलवला.

विजयश्री: सुतक फिटल्यावर घर धुतातच की गं. त्या बिचाऱ्या राबल्या दोन दिवस.

कमलबाई: राबल्या. न्हाई कुठं म्हणायलेय? नुसतं चुलीपाशी बसून रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

विजयश्री: हसवू नकोस मला. दमलेय मी.

कमलबाई: मी बी.

विजयश्री: ऐक. सोमवारी माझी शाळा आहे. दहावीचा वर्ग आहे, विज्ञानाला दुसरं कुणी नाही. उद्या सकाळी गाडी यायलीय. तुझ्या साड्या, डोळ्याचे थेंब, बीपीच्या गोळ्या, सगळं एका बॅगेत भरून झालंय. तुला फक्त बसायचं आहे.

कमलबाई: त्येच म्हणायलेय मी. तुज्याकडं मला फक्त बसायचंच असतंय.

विजयश्री: म्हणजे?

कमलबाई: गेल्या दिवाळीला कलबुर्गीला आले हुते का न्हाई? बसवलं की बसायचं, उठवलं की उठायचं. ऊन आलं की सरकवायचं. कुंडी हाय का मी?

विजयश्री: काळजीनं करतो आम्ही.

कमलबाई: काळजीनंच करता. कुंडीची बी काळजीच करतेत.

विजयश्री: आणि इथं काय ठेवलंय? इथं तरी काय बघायचंय तुला? ... चुकलं. तसं म्हणायचं नव्हतं मला.

कमलबाई: चुकलं न्हाई. इचार की. हितं मला कळतंय. ईरण्णाचा ट्रॅक्टर सुरू झाला की उजाडलं. हुमनाबादची बस वळली की शाळेची पोरं. अक्कम्माचा उंबरा माज्या उंबऱ्याला लागून हाय, तिच्या तव्यावर भाकर पडली की मला वास येतोय. तुज्या तिसऱ्या मजल्यावर कशाचाबी आवाज आला तर तो लिफ्टचाच.

विजयश्री: आणि पडलीस तर? अण्णा होते म्हणून चाललं. स्वयंपाक ते करायचे, थेंब ते घालायचे, साडीचा रंगसुद्धा ते सांगायचे. अकरा वर्षांत तू गॅस पेटवला नाहीस आई.

कमलबाई: पेटवू दिला न्हाई. त्ये येगळं.

विजयश्री: बरं, एक सांग मला. आत्ता, या घडीला, मी हात न लावता तू न्हाणीपर्यंत जाऊन येशील? जाऊन आलीस तर मी गाडीवाल्याला नको म्हणून सांगते.

कमलबाई: परीक्षा घ्यायलीस?

विजयश्री: शिक्षिका आहे मी.

वीरभद्रप्पा: वैनी, येऊ का आत?

कमलबाई: या वीरभद्रप्पा. बघून या, कोठी वाटंत हाय म्हणं.

वीरभद्रप्पा: हौदु, हौदु, दिसली. विजया, तू हायस काय अजून? मला वाटलं गेलीस.

विजयश्री: उद्या जाणार काका. आईला घेऊन.

वीरभद्रप्पा: असं काय? अक्कम्मा म्हणाली, वैनी नक्को म्हणतेत.

विजयश्री: म्हणतेय ना. तुम्हीच सांगा तिला. अण्णांचे एवढे जुने दोस्त तुम्ही, तुमचं ऐकेल.

वीरभद्रप्पा: माझं? माझं ऐकणारं कोण हाय ह्या गल्लीत? माझी म्हैससुद्धा अक्कम्माचं ऐकतंय. अंकुश ऐकायचा तेवढा, तो बी मिलिटरीत मी त्याच्यापेक्षा वरच्या रँकला होतो म्हणून.

कमलबाई: कवा हुता वर?

वीरभद्रप्पा: तीन महिने होतो की वैनी! मग त्याला बी पट्टी मिळाली. दोघं एकाच दिवशी भरती झालेलो, बिदरला. विजया, तुला ठाव हाय काय? साहेबानं इचारलं, अंधाराचं भ्या वाटतंय काय? हा काय म्हणाला?

विजयश्री: शंभरदा ऐकलंय काका. “साहब, मैं बावडी का गाळ निकालता.”

वीरभद्रप्पा: साब हसला अन् ह्याला सिग्नलमध्ये टाकला. माझी गेली जिंदगी ट्रकखाली, ग्रीस लावत. ह्याची गेली टेलिफोनची वायर ओढत.

विजयश्री: पण लढाईचं अण्णांनी कधी काही सांगितलं नाही. एकाहत्तरात पंजाबात होते, एवढंच. शाळेत मला निबंध लिहायचा होता, “माझे वडील सैनिक”. विचारलं तर म्हणाले, लिही की, वायर तुटायची, आम्ही जोडायचो. बाईंनी दहापैकी चार दिले.

कमलबाई: मला सांगितलं हुतं.

विजयश्री: कधी?

कमलबाई: हैदराबादहून आलाव तवा. बिदर झालं, सोलापूर झालं, शेवटी हैदराबाद. काचबिंदू. त्यो डॉक्टर म्हणाला, नस वाळलीय, आता ह्यापुढं उजेड न्हाई. बसमधनं येताना ह्येनी एक अक्षर बोलले न्हाईत. घरी आलाव, पाणी प्यालाव, मग म्हणाले, कमल, मी रातीच्या अंधारात कसा चालायचो सांगू का?

वीरभद्रप्पा: दिवा लावायचा हुकूम नव्हता ना. उजेड दिसला की वरनं गोळा यायचा. वायर कुठं तुटली कसं कळणार? हातात धरायची अन् चालत जायचं. तुटलं की हाताला कळतंय.

कमलबाई: त्येच म्हणाले. म्हणाले, डोळ्याचं काय काम पडत न्हाई, हाताला सांगत जायाला पायजे. दुसऱ्या दिवशी उदगीरला जाऊन दोर आणला.

विजयश्री: सुती. मी म्हणाले होते नायलॉनचा घ्या, टिकतो. तर मलाच शिकवलं, नायलॉन घामानं घसरतो म्हणून.

कमलबाई: सैपाकघराच्या वळणाला चिंधी बांधली. न्हाणीपाशी गाठ. आन् परड्याच्या पायरीला, जिथं पडायचं भ्या, तिथं त्येंच्या कोटाचं पितळी बटण. तिथं हात लागला की थांबायचं म्हणजे थांबायचं. माज्यापाशी दोरी दिली आन् म्हणाले, चल, परेड.

विजयश्री: परेड?

कमलबाई: सकाळपासून रातपातुर. खाटेवरनं न्हाणी, न्हाणीतनं चूल, चुलीपासून पायरी. मी चिडले, रडले, दोरी टाकून दिली. म्हणाले, रडून झालं की पुन्ना. आठ दिवसांत पळत जायची बग मी.

वीरभद्रप्पा: वैनी, खरं सांगू? आमची अक्कम्मा जळायची तुमच्यावर. म्हणायची, डोळे जाऊ देत माझे, पण असा नवरा मिळू दे.

कमलबाई: तिला म्हणावं, चार दिवस घेऊन बगायचा हुता. मीठ जरा इकडचं तिकडं झालं की फौजेचा सगळा कायदा ऐकावा लागायचा. एकदा मी मुद्दाम डबा हलवला.

विजयश्री: मुद्दाम? का?

कमलबाई: कंटाळा आलता. सगळं त्येंच्या मापानं. चहा त्येंचा, भाजी त्येंची, मी बसून खायची. म्हणलं, ह्या घरात एक डबा तरी माज्या मनानं ठिवते. लई चिडले. चार दिवस बोलले न्हाईत.

विजयश्री: आणि थेंब?

कमलबाई: थेंब घालायचे की. मुक्यानंच. हनुवटीला बोट लावायचे, म्हणजे मान वर. कपाळाला लावायचे, म्हणजे झालं.

वीरभद्रप्पा: बायकोवर रुसला तरी ड्युटी सोडली न्हाई बघ.

विजयश्री: त्या दिवशीही थेंबच घालत होते ना गं? मला कुणी नीट सांगितलंच नाही. मी आले तेव्हा सगळी गर्दी.

कमलबाई: व्हय. चहा झाला. म्हणाले, मान वर. दोन्ही डोळ्यांत घातलं. म्हणाले, मीट आता, मी सांगस्तोवर उघडू नको. मग बशी पडल्याचा आवाज आला. मी म्हणलं, काय पडलं? बोलले न्हाईत. मला वाटलं झाडू आणाया गेले.

विजयश्री: मग?

कमलबाई: मग काय, मी डोळे मिटून बसले.

विजयश्री: किती वेळ?

कमलबाई: अक्कम्मा ताक घिऊन आली तोपातुर. ती वरडली तवा उघडले. उघडून तरी काय दिसणार हुतं? पर सांगितल्याबिगर उघडायचे न्हाईत म्हणून मिटूनच हुते.

वीरभद्रप्पा: अय्यो शिवा.

विजयश्री: ... पाणी देते तुला.

कमलबाई: नगं. तू पी.

वीरभद्रप्पा: विजया, मी ज्या कामाला आलो ते करून जातो. शिडी हाय काय गं? न्हाई तर स्टूल दे.

विजयश्री: कशाला? आणि त्या पिशवीत काय आणलंत?

वीरभद्रप्पा: काय न्हाई, दोर हाय. सुती. हुमनाबादला गेलतो, मिळाला. म्हटलं वैनीला लागंल.

विजयश्री: काका, दोरी गेलीय हे तुम्हाला कुणी सांगितलं?

वीरभद्रप्पा: कोण सांगणार? मला वाटलं, जुनी झाली असंल, बदलू.

विजयश्री: मी कालपासून शोधायलेय. तुम्हाला विचारलं नाही, अक्कम्मा काकूंना विचारलं नाही. आणि तुम्ही बरोबर तेवढाच दोर घेऊन आलात?

वीरभद्रप्पा: आता तू मास्तरीणबाईसारखं उलटसुलट इचारायलीस.

विजयश्री: कुठं आहे ती?

वीरभद्रप्पा: असंल की कुठं तरी. जुनी वस्तू. कशाला डोस्कं लावायचं? स्टूल दे.

विजयश्री: काका, माझ्याकडं बघून बोला.

कमलबाई: त्येंला सोड, विजया. त्येंच्यानं खोटं बोलनं व्हत न्हाई. दोरी तुज्या बापासंगं गेली.

विजयश्री: म्हणजे काय?

कमलबाई: तिरडीला बांधली.

वीरभद्रप्पा: वैनी! तुम्हाला ठाव होतं?

कमलबाई: पायाला हात लावाया नेलं का न्हाई मला? बायांनी दोन्हीकडनं धरलं हुतं. पाय हुडकताना बांबूला हात लागला. बांबूवर बटण.

विजयश्री: कुणी? कुणी काढली भिंतीवरनं? काका?

वीरभद्रप्पा: आभाळ भरून आलतं पोरी. आणलेली सुतळी पुरली न्हाई, पोरगं आणाया पळालं ते येईना. लोक म्हणायले, उरका, पाऊस आला की लाकडं भिजतील. तेवढ्यात कुणी तरी आतनं दोर आणला अन् बांधाया लागलं. मी बघितलं तर ... पण अर्धं बांधून झालतं.

विजयश्री: कुणी तरी म्हणजे कोण?

कमलबाई: माउली.

विजयश्री: माउली? आपला माउली?

कमलबाई: तुजा भाऊच. दुसरा कुठला माउली हाय?

विजयश्री: त्याला माहीत नव्हतं ती कशाला आहे? वर्षातनं दोनदा पुण्याहून येतो, दोनदा बघतो! आंधळ्या आईची दोरी काढून ... थांब, फोन लावते त्याला.

कमलबाई: फोन ठिव खाली.

विजयश्री: नाही, विचारू दे मला. इथं गुडघे फुटायलेत तुझे आणि त्याला पत्ता नाही.

कमलबाई: पत्ता न्हाई, तर नसूं दे. विजया. ठिव म्हणले ना.

वीरभद्रप्पा: ठेव पोरी. तू त्याचं तोंड बघितलं न्हाईस त्या घडीला. कुलूप लावल्यागत होतं. त्याच्या हातात काय हाय ते त्याला ठाव नव्हतं. गाठ मारायला जमंना, मी मारली.

कमलबाई: त्यो बापाला बांधायलता. हाताला जे लागलं त्ये घेतलं. आता तू सांगितलंस की त्यो जन्मभर त्येच बगत बसंल. बापाचा चेहरा आठवाया जाईल आन् दोरी आठवंल. कुणी सांगायचं न्हाई त्याला. तुमी बी न्हाई वीरभद्रप्पा.

वीरभद्रप्पा: मी कशाला सांगतोय?

विजयश्री: पण तू? तुझ्या हाताला लागलं तेव्हा तू का नाही बोललीस?

कमलबाई: काय बोलू? चार माणसं खांद्यावर घ्यायला वाकलेली. सोडा म्हणू? त्येंला उतरवा, माजी दोरी द्या म्हणू? आन् खरं सांगू का, लई वाईट बी वाटलं न्हाई. अकरा वर्सं माज्या हाताचा घाम मुरला हुता तिच्यात. तेवढं तरी गेलं संगं. न्हाणीचं काय करायचं त्ये तवा डोस्क्यात आलंच न्हाई. त्ये दुसऱ्या दिवशी आलं.

विजयश्री: आणि तेरा दिवस मला म्हणालीस, पाय दुखतोय, हात धर.

कमलबाई: दुखत हुताच.

विजयश्री: काका, स्टूल त्या कोपऱ्यात आहे.

वीरभद्रप्पा: आणतो. अन् उद्याची गाडी?

विजयश्री: आधी दोर तर बांधू द्या.

कमलबाई: तू बांध. वीरभद्रप्पाला चढू देऊ नगं स्टुलावर, अक्कम्मा माज्या नावानं वरडंल.

वीरभद्रप्पा: मी दोर सोडवून देतो खालनं. पण हे बघ विजया, मी सांगितलं असं अक्कम्माला नक्को म्हणू, वैनीचं आम्ही बघतो. अक्कम्मा दोन्ही टायमाला डोकावंल. थेंब मी घालतो, माझा हात हालत न्हाई अजून.

कमलबाई: भाकर मी टाकते. हात इसरले न्हाईत. गॅस तेवढा शिकवा.

विजयश्री: गॅसला नाही. गॅसला मी नाहीच म्हणणार.

कमलबाई: बापाची लेक.

विजयश्री: ... लायटर असतो गं हल्ली. उद्या रविवार, दिवसभर आहे मी. मी उभी राहते शेजारी, तू पेटव. जमलं तर बघू.

कमलबाई: परेड म्हण की.

विजयश्री: परेड. आणि दसऱ्यापर्यंतच. दसऱ्याच्या सुट्टीत मी येणार, तेव्हा एक जरी नवीन जखम दिसली तर कुंडी तर कुंडी, उचलून नेणार. दर शनिवारी फोनवर खोटं बोलायचं नाही.

कमलबाई: बरं.

विजयश्री: “बरं” एवढ्या लवकर म्हणालीस की मला भीती वाटते.

वीरभद्रप्पा: हा धर. पैला खिळा खाटेपाशी. ओढून घे, ढिला राहिला तर हात झुलतोय. हां. आता दाराच्या चौकटीला. सैपाकघराच्या वळणाला काय बांधायचं?

विजयश्री: माझ्या ओढणीचा तुकडा बांधते. पायरीपाशी काय लावू आई?

कमलबाई: काय बी लाव. फक्त टोचाया पायजे.

वीरभद्रप्पा: माझ्याकडं जुनं कुलूप हाय. लोखंडी.

कमलबाई: दोरी हाय का म्हैशीचं दावं?

विजयश्री: किल्ली बांधते. माळ्यावरच्या पेटीची. न्हाणीपाशी गाठ मारली. झालं. आई, ऊठ. नाही, मी हात देत नाही. डाव्या बाजूला आहे, घे.

कमलबाई: घेतली.

वीरभद्रप्पा: चला वैनी. सावकाश.

विजयश्री: काका, तुम्ही बोलू नका तिच्याशी. मोजत असेल ती मनात.

कमलबाई: मोजत न्हाई. कोठी कुठं हाय?

विजयश्री: सरकवली मी. जुन्या जागी.

कमलबाई: मग ठीक. ... ही तुजी ओढणी. मऊ हाय. ... ही गाठ. न्हाणी.

विजयश्री: हो. न्हाणी. थांब, एक फोन करते. ... हॅलो, पंचाक्षरी? मी विजयश्री टीचर. उद्याची गाडी नको. हो, रद्द. सोमवारी पहाटे बसनंच येईन मी. एकटी. हो.

वीरभद्रप्पा: हे बरं केलंस.

विजयश्री: बरं केलं की वाईट, दसऱ्याला कळेल. आई, का थांबलीस? बरोबर नाही का बसली? खिळे तेच आहेत बघ, अण्णांनी ठोकलेले. एक पण हलवला नाही मी.

कमलबाई: म्हाईत हाय. हाताला कळायलंय.

विजयश्री: मग?

कमलबाई: जरा खाली घेशील का?

विजयश्री: खाली? पण याच उंचीवर होती ना ती?

कमलबाई: व्हय, हितंच हुती. त्येनी बांधली तवा मी ताठ हुते. मागनं वाकले. हात वर करून धरायची.

विजयश्री: किती वर्षं?

कमलबाई: असतील पाच-सहा. खांदा दुखायचा.

विजयश्री: मग अण्णांना सांगायचं नाही का? दोन मिनिटांत खाली घेतली असती त्यांनी.

कमलबाई: लई मापून बांधली हुती गं त्येनी.